घडाच्या पिशवीतले आबा

चोपड्याच्या बाजारपेठेत हेमलताबाईंइतके राजे, साधू आणि हवालदार कुणी हाताळले नसतील. ड्रेपरीचं दुकान आहे त्यांचं. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गणपतीतलं नाटक असो की जयंतीची मिरवणूक, कुणाला काही बनायचं असलं की तो हेमलताबाईंच्या पायरीशी येतो. छातीकमरेचं माप त्या नजरेनेच घेतात आणि माप घेता घेता माणसाची पारखही करून टाकतात. ती बहुधा वाईटच निघते. "पोरं बरी," त्या म्हणतात, "राजा झाली तरी कार्यक्रम संपला की मुकुट काढून भेळ खायला पळतात. मोठ्या माणसाला एकदा फेटा बांधा, मग त्याच्या डोक्यावरून तो उतरवायला चार माणसं लागतात."

दुकान सासऱ्यांनी घातलेलं. सासरे वना शाहीर जलशात गायचे. गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार सांगायचे आणि गावच्या पुढाऱ्यांची भर चौकात सालटी काढायचे. जलसा थकला तेव्हा कपड्यांच्या दोन पेट्या उरल्या, त्यातून ड्रेपरी उभी राहिली. शाहिरांचा आवाज सुनेला मिळाला नाही, जीभ मात्र पुरेपूर मिळाली. दुकानात बाबासाहेबांचा निळा कोट आहे, पण तो भाड्याने मिळत नाही. लहान पोराला हवा असेल तर फुकट. मोठ्या माणसाने मागितला तर त्या विचारतात, "शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस रे भाऊ?" बहुतेक लोक कोट न घेताच परत जातात.

शाहिरांनी घालून दिलेला एक रिवाज त्यांनी आजतागायत मोडलेला नाही. गिऱ्हाइकाने कपडा सांगून ठेवायचा, तर आपल्या घरातली एक चिंधी आणायची आणि त्या कपड्याच्या बाहीला स्वतःच्या हाताने गाठ मारायची. पूर्वी गिऱ्हाइकांना पावती वाचता येत नसे, पण आपली चिंधी कुणालाही ओळखता येते. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची. तोवर तो कपडा दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढायचा नाही, मग तो कितीही मोठा असो. हेमलताबाईंचा मुलगा बबलू, कागदोपत्री राजदीप, आईला कितीदा म्हणाला, "आता मोबाइलवर बुकिंग घे." त्या म्हणाल्या, "मोबाइलवरचं तू पुसशील. ही गाठ पुसता येत नाही."

यान चंद्रावर उतरलं त्या वर्षी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला अंतराळवीर हवा झाला. त्या यानात माणूसच नव्हता, यंत्रं तेवढी होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मुख्याध्यापकांना पांढरा सूट हवा, काचेचं डोकं हवं आणि छातीवर झेंडा हवा. मग हेमलताबाईंनी डोकं चालवलं. केळीच्या घडावर डाग पडू नयेत म्हणून बागेत घडाला पांढरी पिशवी घालतात. तिचं कापड ना धड कापड, ना धड कागद, हलकं आणि फुगून राहणारं. तसल्या पिशव्यांचा गठ्ठा आणून त्यांनी सूट शिवला. पिण्याच्या पाण्याचा जार कापून त्याचं शिरस्त्राण केलं आणि फवारणीचा जुना पंप चंदेरी रंगवून पाठीला लावला. रात्रीच्या दिव्यांत सूट असा झळकायचा की आयाबाया टाळ्या वाजवायच्या. देताना हेमलताबाई प्रत्येकाला एकच गोष्ट बजावायच्या: उन्हात नेऊ नका. हा भाग केळीवाल्यांचा. उजेडात कुणीही ओळखलं असतं.

यंदा फेब्रुवारीत गुंताबाई आली. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरची, साठी ओलांडलेली, काटक बाई. पावसावरची थोडी शेती, चारोळी गोळा करणं, नाहीतर कापूस वेचायला जाणं, यात जन्म गेलेला. बरोबर बचत गटाच्या चारपाच जणी. दुकानात येऊन तिने तंबाखूची चिमूट गालात सारली आणि म्हणाली,

"माले चांदवर जानं शे. कपडा दे."

हेमलताबाईंनी तीस वर्षांत बरंच ऐकलं होतं, हे नव्हतं ऐकलं. त्यांनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "कशाला जाता चंद्रावर?"

"तठे पानी सापडनं म्हनतस," गुंताबाई म्हणाली. "आम्हना पाडावर नळ शे, पानी नही."

मग बाकीच्या जणींनी सगळं सांगितलं. पाड्यावर प्रत्येक दारापुढे नळ उभा राहिला होता. उद्घाटन झालं, नळाबरोबर फोटो काढून झाले आणि पाणी काही आलं नाही. बाया अजून नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरच जात होत्या. अर्ज करून झाले, खेटे घालून झाले. आता मार्चमध्ये चोपड्याला बचत गटांचा महिला मेळावा होता आणि त्याला जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. अर्ज कुणी वाचत नाही, पण नाटक पुढ्यात झालं तर मान वळवता येत नाही, ही अक्कल गुंताबाईची. नाटक एवढंच, की चंद्रावर पाणी शोधायला गेलेला माणूस वाट चुकून पाड्यावर उतरतो, तिथे नळ बघून खूश होतो आणि तोटी फिरवतो. सूट नसला तर ती नुसती एक म्हातारी, आणि म्हाताऱ्यांचं रडगाणं ऐकायची मॅडमना सवय असणार.

हेमलताबाईंना ती बाई बेहद्द आवडली. जुन्या जलशात शोभली असती, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी सूट काढला, उन्हाचं नेहमीचं बजावणं या खेपेला केलं नाही, कारण पाड्यावरच्या बाईला घडाची पिशवी घालायला कसली लाज. गुंताबाईने जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी फाडून आणली होती. तिने ती बाहीला घट्ट बांधली. "हा सूट त्या दिवशी तुमचा," हेमलताबाई म्हणाल्या. "माझा शब्द."

आता आबांकडे यायला हवं. फत्तेसिंग आबा दोनदा आमदारकी भोगून तिसऱ्यांदा भोगायला उतावीळ झालेले गृहस्थ. मतदारसंघात रस्ते नाहीत, म्हणून आबा कधी पाड्यांकडे फिरकत नसत. अशा माणसाने अवकाशात जायचं ठरवलं. परदेशात एक कंपनी आहे म्हणे, ती पैसेवाल्यांना वर नेते आणि खाली आणून सोडते. कुणा कंत्राटदार मित्राच्या उतू गेलेल्या प्रेमातून तिकीट निघालं. आबा खरोखर गेले. चहा उकळून कपात ओतेपर्यंत वर राहिले, एक केळ तरंगवलं, ते चाटून दाखवलं आणि आले. वर असताना ते म्हणाले की इथून सीमा दिसत नाहीत, जातपात दिसत नाही. हेमलताबाईंनी तो व्हिडिओ दुकानात बसून बघितला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते सगळं खाली आल्यावर दिसतं. उमेदवारी वाटताना तर चष्म्याशिवाय दिसतं."

घोळ पुढेच झाला. आबा यायच्या आधी चौकाचौकांत बॅनर लागले होते. बॅनरवर आबा पांढऱ्याशुभ्र सुटात, हातात काचेचं डोकं, पायाखाली चंद्र. चंद्र तर त्यांच्या वाटेतही नव्हता, पण बॅनरवाल्याला कोण विचारतो. आणि जळगाव स्टेशनवर गाडीतून उतरले ते निळ्या डगल्यात. कंपनीने तोच दिला होता, तोच घालून ते वर गेले होते. ढोल थांबले. कुणीतरी म्हणालं, "हाऊ ते गॅरेजवाला शे." दोन दिवसांत विरोधकांनी उठवलं की आबा कुठे गेलेच नाहीत, कुठल्याशा स्टुडिओत दोरीला टांगून घेतलं. आणि लोकांना ते पटलं! हेमलताबाई हसून हसून दमल्या. जन्मात एकदा हा माणूस खरं बोलला होता आणि नेमकं तेच कुणाला खरं वाटेना.

बबलू आबांचा कार्यकर्ता. आबांचे फोटो, रील सगळं तोच बघायचा. तो आईकडे आला.

"आई, पांढरा सूट एका दिवसासाठी दे. आबांचा सत्कार आहे."

"कुठे?"

"महिला मेळाव्यात. बाया आयत्याच जमताहेत, वेगळी गर्दी कशाला जमवायची?"

"त्या दिवशी गुंताबाईचं नाटक आहे. बाहीवरची गाठ दिसत नाही का तुला?"

"नाटक आबांच्या भाषणानंतर ठेवलंय. वेळ उरला तर."

"म्हणजे मॅडम निघून गेल्यावर."

बबलू जरा चुळबुळला. "आई, युवा आघाडीचं पद आहे यात. आबांनी शब्द दिलाय मला."

"मीही दिलाय," हेमलताबाई म्हणाल्या. "आबांना म्हणावं, खऱ्या अंतराळात जाऊन आलात, आता खोटा सूट कशाला? आणि घालायचाच असेल तर गाठ सोडवून आणा. गुंताबाई पाड्यावर आहे. जा म्हणावं तिकडे एकदा."

आबा पाड्यावर जाणं शक्यच नव्हतं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी हेमलताबाई धुळ्याला मखमल आणायला गेल्या तेवढ्यात बबलूने सूट उचलला. त्या रात्री उशिरा परतल्या; मेळाव्याच्या सकाळी गुंताबाई पहिल्या बसने आली, दुकान उघडलं, तर भिंतीवरचा खिळा मोकळा. हेमलताबाईंना काही विचारावंच लागलं नाही. तीस वर्षांत कुणाची गाठ फुकट गेली नव्हती आणि ती घालवली पोटच्या पोराने. गुंताबाई नुसती खिळ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हेमलताबाईंनी संतापाने पायांत चप्पल सरकवली. "चला," त्या म्हणाल्या. "तुमचा चांदोबा मैदानावर गेलाय."

मैदानावर मांडव होता, पण व्यासपीठ उघड्यावर, फोटो चांगले यावेत म्हणून. मार्चचं ऊन डोक्यावर. पुढे बचत गटांच्या बाया बसवलेल्या, कडेने बागाईतदार, हमाल, फुकटच्या जेवणाला आलेले लोक. मोठ्या मॅडम खुर्चीत बसून घड्याळ बघत होत्या. आणि ढोलाच्या गजरात, रॉकेटसारख्या सजवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आबा आले. पांढऱ्या सुटात, डोक्यावर जार, पाठीवर फवारणीचा पंप.

मग कडेने उभ्या असलेल्या बागाईतदारांतून एक आवाज आला.

"अरे, हाई ते घडनी पिशवी शे!"

दुसरा ओरडला, "आबा, घड कापाले उना वाटस!"

हशा असा उसळला की ढोलवाल्यांचाही ठेका चुकला. केळी पिकवणाऱ्याला त्या कापडाची ओळख काय सांगावी, वर्षातून हजार वेळा हात लागतो. आबा व्यासपीठावर चढून काहीतरी बोलत होते, पण जारमध्ये तोंड असल्याने नुसता घूं घूं आवाज येत होता आणि आतून जार वाफेने पांढरा झाला होता. लोक आनंदाने हसताहेत असं त्यांना वाटलं असावं. ते दोन्ही हात हलवू लागले. हात वर झाला तशी बाहीवरची हिरवी चिंधी दिसली.

बबलूने ती सोडली नव्हती. एवढं मात्र त्याच्याकडून झालं नव्हतं. हेमलताबाईंनी ते पाहिलं आणि त्या सरळ व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या. बबलू आडवा आला. त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो बाजूला झाला.

"आबा," त्या माईकजवळ जाऊन म्हणाल्या, "सूट दुसऱ्याने सांगून ठेवलेला आहे. काढा."

आबांनी जार उचलला. तोंड घामाने निथळत होतं, तरी त्यावर सत्काराचं हसू तसंच. "अक्का, काय तुम्ही! विकतच घेतो तुमच्याकडून."

"विकायला तो माझा नाही आज. बाहीवर गाठ आहे. मलासुद्धा ती सोडता येत नाही."

"मग कोण सोडणार?"

"मी बांधी व्हती," मागून आवाज आला. "मीच सोडसू."

गुंताबाई वर आली होती. आबांनी लुगड्यातली म्हातारी पाहिली, समोर कॅमेरे पाहिले आणि त्यांची कळी खुलली. त्यांना वाटलं, आदिवासी माउली धागा बांधायला आली. त्यांनी ऐटीत हात पुढे केला आणि मान कॅमेऱ्याकडे वळवली. गुंताबाईने सावकाश, दातांनी ओढून, गाठ सोडली. चिंधी कमरेला खोचली. मग म्हणाली,

"आते काढ भाऊ, माले उशीर व्हई ऱ्हायना."

पुढच्या बाया टाळ्या पिटायला लागल्या. मॅडमनी घड्याळातून डोळे काढून वर पाहिलं. आबा इकडेतिकडे बघत होते, पण मदतीला कोण येणार? कार्यकर्तेसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होते. शिवाय माणूस खरोखर आत शिजत होता. शेवटी त्यांनी पंप उतरवला, सूट उतरवला. आत तो निळा डगला होता, अंतराळात जाऊन आलेला खराखुरा डगला. तालुक्यात खरी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू आबांनी आणली होती. आणि लोक तिला हसले.

"खालना बी नकली शे!" कुणीतरी ओरडलं.

हेमलताबाईंनी गुंताबाईला लुगड्यावरूनच सूट चढवला, जार पुसून दिला. आबांच्या घामाने तो ओला होता, गुंताबाईने नाक मुरडलं आणि घातला. नाटक सुरू झालं. चांदवरचा माणूस पाड्यावर उतरला, नळ पाहून नाचला, तोटी फिरवली, पुन्हा फिरवली, नळाला कान लावला. मांडवातल्या बाया आधी हसल्या आणि मग हळूहळू हसायच्या थांबल्या, कारण तसा नळ त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात होता. मॅडम खुर्चीत पुढे सरकून बसल्या. नाटकात पुढे चांदवरचा माणूस मिस्तरीला हाक मारतो. मिस्तरीचं काम करणारी बाई पुढे यायला निघाली, तेवढ्यात गुंताबाईची नजर कडेला अंग चोरून बसलेल्या निळ्या डगल्यावर गेली. तिने जार काढून बगलेत धरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्तरी," ती म्हणाली, "तू वरथून उना ना? वरथून आम्हना नळ दिखना का?"

आबा कार्यकर्त्यांकडे बघायला लागले. हेमलताबाईंना वाटलं, आपले सासरे आज असायला हवे होते.

पण पुढारी तो पुढारीच. आबांनी उठून माईक ओढला आणि हात उंचावून गर्जना केली, "या माउलीला मी पंधरा दिवसांत पाणी देतो! हा अंतराळवीराचा शब्द आहे!" कार्यकर्त्यांना हेच हवं होतं. टाळ्या पडल्या, ढोल वाजले, आबांच्या गळ्यात हार पडला. मॅडमनी मान डोलावली, "बघते मी," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. बबलूने त्याच क्षणाचं रील केलं. त्यात गुंताबाई पाठमोरी दिसते.

चारच्या सुमाराला ती दुकानात सूट परत करायला आली. नीट घडी घातलेला. बबलू तिथेच मान खाली घालून बसला होता, आईची बोलणी खाऊन झाली होती. वातावरण सैल करावं म्हणून तो म्हणाला, "आजी, काम झालं तुमचं. आबांनी शब्द दिला."

गुंताबाईने कमरेची हिरवी चिंधी काढली आणि सुटाच्या बाहीला परत बांधायला लागली.

"आता कशाला?" बबलूने विचारलं.

"पानी उनं ते मी ईसन सोडसू," ती गाठ आवळत म्हणाली. "नही उनं ते पुढला वरीसले हाऊच सूट लागी."

हेमलताबाईंनी सूट खिळ्याला लावला. पावसाळा गेला, शाळांची संमेलनं आली. शिक्षक येतात, सूट मागतात, त्या बाहीकडे बोट दाखवतात आणि त्यांना राजाचा कपडा देतात. मागच्या आठवड्यात आबांचा नवा माणूस येऊन गेला, प्रचाराला पांढरा सूट हवा होता. तेव्हा बबलूनेच उठून त्याला बाही दाखवली. चिंधी अजून तिथेच आहे.